क्ष-किरणांच्या पडद्यासमोरचा पगार

विमानतळावर प्रवाशांच्या पिशव्या तपासण्याचा पेशा माझ्याहून वयाने लहान आहे. अमेरिकेत तो ५ जानेवारी १९७३ रोजी सुरू झाला. मी तेव्हा सोलापुरात मॅट्रिकची तयारी करत होते आणि विमान फक्त आकाशात पाहिलेलं होतं. त्याआधी अमेरिकेत बहुतेक माणसं तिकीट दाखवून थेट विमानात जाऊन बसत. पोचवायला आलेले सगेसोयरे विमानाच्या दारापर्यंत जात. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकी विमानांच्या अपहरणाचे सव्वाशेहून अधिक प्रकार घडले, तरी सगळ्यांची झडती घ्यायला विमान कंपन्या तयार नव्हत्या. अपहरण करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना क्यूबाला जायचं असे. विमान हवानाला उतरे आणि थोड्या वेळाने प्रवाशांसह परत येई. रोज हजारो गिऱ्हाइकांना रांगेत उभं करून नाराज करण्यापेक्षा अधूनमधून एखादं विमान हवानाला गेलेलं परवडतं, असा कंपन्यांचा हिशेब होता.

नोव्हेंबर १९७२ मध्ये तो हिशेब मोडला. सदर्न एअरवेजचं एक विमान तिघांनी पळवलं, एक कोटी डॉलर मागितले आणि पैसे मिळाले नाहीत तर टेनेसीतल्या ओक रिजच्या अणुकेंद्रावर विमान आदळू, अशी धमकी दिली. त्यानंतर महिन्याभरात सरकारचा हुकूम निघाला : प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातली प्रत्येक पिशवी तपासलीच पाहिजे.

या हुकमातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढची तीस वर्षं तिच्यातून निघाली. तपासणी करा असं सरकारने सांगितलं, पण तिचा खर्च विमान कंपन्यांवर टाकला. कंपन्यांना या कामातून एक पैसाही मिळणार नव्हता. म्हणून त्यांनी ते ठेकेदारांना दिलं, आणि ज्याची निविदा सगळ्यात कमी त्याला ठेका मिळाला. ठेकेदाराच्या खर्चात मुख्य बाब माणसांच्या पगाराची. निविदा उतरवायची तर पगारच उतरवायचा. कुणी दुष्टपणे ठरवलं नव्हतं, पण विमानात काय चढतं ते पाहणारा माणूस अख्ख्या विमानतळावर सगळ्यात कमी पगाराचा ठरला.

मी न्यूअर्क विमानतळावर त्या कामाला लागले ती १९९७ साली. भावाने अर्ज केला होता, त्यावर आम्ही वर्षभर आधी आलो होतो. नवऱ्याला गोदामात काम मिळालं होतं. शेजारच्या गुजराती बेन आधीपासून विमानतळावर होत्या, त्यांनी मला बरोबर नेलं. इंग्रजी वाचता येतं का एवढं पाहिलं, बारा तास वर्गात बसवलं, चाळीस तास जुन्या माणसाशेजारी उभं केलं आणि पडद्यासमोर बसवलं. हे तास सरकारी नियमातलेच होते. पगार किमान वेतनापेक्षा तासाला दहा सेंट जास्त. आजारीपणाची रजा नाही, विमा नाही. आमच्या तपासणीच्या फाट्यापासून दिसणाऱ्या बर्गरच्या दुकानात मुलांना तासाला आमच्याहून दीड डॉलर जास्त मिळे. चांगली तयार झालेली मुलगी सहा महिन्यांत तिकडे गेलेली दिसायची. आम्हाला तिचा राग कधी आला नाही. तिला भाडं भरायचं होतं.

हे माझ्या एकटीच्या फाट्यावरचं रडगाणं नव्हतं. अमेरिकी संसदेच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने जून २००० मध्ये एक अहवाल दिला. देशातल्या १९ मोठ्या विमानतळांवर मे १९९८ ते एप्रिल १९९९ या वर्षभरात तपासनीसांची गळती सरासरी १२६ टक्के होती. म्हणजे शंभर जागा असतील तर वर्षात सव्वाशे माणसं सोडून गेली. अटलांटाला हा आकडा ३७५ होता आणि सेंट लुइसला ४१६. तिथे एका खुर्चीवर वर्षात चार-पाच माणसं बसून उठून गेली. त्याच अहवालात बेल्जियमचा दाखला आहे. तिथे तपासनीसाला तासाला १४-१५ डॉलर मिळत आणि वर गळती चार टक्क्यांहून कमी. दुसऱ्या एका देशाबरोबर अमेरिकेने संयुक्त चाचण्या घेतल्या तेव्हा त्या देशाच्या तपासनीसांनी आमच्या दुपटीहून जास्त वस्तू पकडल्या. पगार आणि पकड यांचा संबंध इतका उघड मांडलेला दुसरा कागद मी पाहिलेला नाही. तो छापून आला, आणि पुढचं सव्वा वर्ष काही झालं नाही.

चाचण्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पैशाचं आमिष या पेशात पहिल्यांदा शिरलं ते तिथून.

विमान वाहतूक खात्याचे निरीक्षक साध्या कपड्यांत येत आणि पिशवीत खोटं हत्यार ठेवून ती पट्ट्यावर सोडत. १९७८ साली अशा चाचण्यांत १३ टक्के वस्तू सुटल्या होत्या, १९८७ साली २० टक्के. वस्तू सुटली की विमान कंपनीला दंड होई आणि कंपनी तो राग ठेकेदारावर काढी. मग माझ्या ठेकेदाराने बक्षीस लावलं. चाचणीची वस्तू पकडली की पंचवीस डॉलरचं कूपन आणि फलकावर नाव. सुटली की त्याच दिवशी घरी. आठवड्याचा पगार हातात दोनशे डॉलरही नसताना पंचवीस डॉलर ही मोठी रक्कम होती. आठवड्याचा भाजीपाला आणि दूध त्यात यायचं.

त्या बक्षिसाने आमची नजर खरोखर बदलली. चाचणीच्या वस्तू ठरलेल्या असत : पिस्तूल, हातबॉम्ब, डायनामाइटच्या कांड्यांची जुडी. त्या बहुधा जवळजवळ रिकाम्या पिशवीत ठेवलेल्या. काही आठवड्यांत आम्हाला त्यांच्या सावल्या पाठ झाल्या. रिकामी पिशवी दिसली की हात आपोआप पट्टा थांबवायचा. निरीक्षकांच्या चालण्याची ढबसुद्धा ओळखीची झाली. कुणीतरी तिकीट खिडकीपाशी त्यांना पाहिलेलं असे आणि ती बातमी पट्ट्याच्या आधी आमच्यापर्यंत पोचे. पण चार जोड कपडे, छत्री, चार्जर, लोणच्याची बरणी आणि केस वाळवायचं यंत्र कोंबलेल्या पिशवीत काही असेल तर ते शोधायला त्या पंचवीस डॉलरनी आम्हाला काहीच शिकवलं नाही. हिशेब-तपासणी कार्यालयाचंही निरीक्षण हेच होतं : चाचणी खऱ्या पिशवीच्या जवळ नेली की पकड खाली येते.

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत मागावर होते. त्यांचा पगार विणलेल्या वारांवर ठरायचा आणि कापडात दोष निघाला तर कटती व्हायची. घडी खात्यात ताग्याचा वार न् वार उलगडून पाहिला जाई. तिथे कामावर पैसे लावणं जमत होतं, कारण काम टेबलावर पसरून दाखवता येत होतं. माझ्या पट्ट्यावरून दिवसभरात हजारभर पिशव्या गेल्या आणि त्यांतल्या एकीतही काही नव्हतं, हे माझ्या कामाचं फळ की नशीब, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या विणकराने तागा बिघडवला तो संध्याकाळपर्यंत कळतो. ज्या तपासनीसाची नजर दुपारी तीन वाजता सैल पडली ती कदाचित कुणालाच कधी कळणार नाही. मोजता येण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात : तासाला किती माणसं पुढे सोडली, आणि चाचणीत किती गुण पडले. या पेशात जेव्हा जेव्हा पैसा कामाला जोडला गेला, तेव्हा तो या दोहोंपैकी एकीला जोडला गेला. माझं सगळं म्हणणं यातून येतं.

नजर सैल पडते हे मात्र नव्याने शोधायची गरज नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणारे तरुण काही वेळाने ठिपके चुकवू लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यावर प्रयोग केले आणि १९४८ साली ते छापले : अर्ध्या तासानंतर माणसाची पकड घसरते, मग तो कितीही मन लावून बसो. विमानतळावर पडद्यासमोरचा माणूस वीस-तीस मिनिटांनी बदलतात तो यामुळे. बदलायला दुसरा माणूस हवा, आणि सव्वाशे टक्के गळतीच्या काळात तो नसे. मी पडद्यासमोर सलग दोन-दोन तास बसलेली आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी न्यूअर्कहून निघालेलं युनायटेडचं ९३ क्रमांकाचं विमान पेनसिल्व्हेनियातल्या शेतात पडलं. ते अ टर्मिनलवरून गेलं होतं आणि मी ब टर्मिनलवर होते. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते की चार इंचांपेक्षा कमी पात्याचा चाकू तेव्हाच्या नियमाने विमानात नेता येत होता. पुढे महिनोन् महिने लोक आमच्या गणवेशाकडे बघत होते, त्या नजरेत हा नियम नव्हता.

मग सगळं वेगाने झालं. तपासणी सरकारने हातात घ्यावी यासाठी सिनेटमध्ये ऑक्टोबरात मतदान झालं, १०० विरुद्ध शून्य. प्रतिनिधिगृहाचा कल ठेकेदार ठेवून त्यांच्यावर देखरेख करण्याकडे होता. तडजोड झाली आणि १९ नोव्हेंबर २००१ रोजी कायद्यावर सही झाली. एका वर्षात ४२९ विमानतळांवर सरकारी तपासनीस उभे करायचे होते. खासगी तपासनीस सुमारे २८ हजार होते. नव्या खात्याने ५५ हजारांच्या वर माणसं घेतली. ठेकेदारी पाच विमानतळांवर प्रयोग म्हणून ठेवली, त्यांत सॅन फ्रान्सिस्को सगळ्यात मोठा.

कायद्यात एक अट होती : तपासनीस अमेरिकेचा नागरिक हवा. सॅन फ्रान्सिस्कोत तपासनीसांपैकी सुमारे ८० टक्के बिगरनागरिक होते, बहुतेक फिलिपिन्सचे. न्यूअर्कला माझ्या पाळीवर घानाची एक बाई होती, आठ वर्षं जुनी. साबणाच्या वडीत खुपसलेलं पातं तिने माझ्यासमोर ओळखलं होतं, कडेच्या सावलीचा रंग किंचित गडद होता म्हणून. तिचे नागरिकत्वाचे कागद अजून आले नव्हते. माझी शपथ थोडक्या महिन्यांपूर्वी झाली होती. मी राहिले, ती गेली. देशाने पगार वाढवून जी गोष्ट विकत घ्यायची ठरवली होती, ती म्हणजे टिकलेली आणि मुरलेली नजर, तीच एका कलमाने दाराबाहेर गेली. याची हळहळ मला आजही वाटते.

पगार मात्र वाढला. सुरुवात वर्षाला २३,६०० डॉलरपासून, वर ३५,४०० पर्यंत. आरोग्य विमा, भरपगारी रजा, निवृत्तिवेतनाचा हप्ता. बर्गरच्या दुकानाकडे पाहायची गरज संपली. पहिल्या दोन वर्षांत आमच्या फाट्यावर जे घडलं ते पैशाचंच काम होतं, आणि मी ते मोकळ्या मनाने मान्य करते. माणसं थांबली. थांबलेल्या माणसाला शिकवता येतं. संध्याकाळच्या पाळीचा थकवा कसा असतो, कुठल्या कंपनीचा लॅपटॉप पडद्यावर कसा दिसतो, दिवाळीत आपल्या लोकांच्या पिशव्यांत चकलीचा सोऱ्या कसा पिस्तुलाच्या नळीसारखा वाटतो, हे वर्गात कुणी सांगत नाही.

याच सुमारास खोट्या चित्रांचं यंत्र सर्रास वापरात आलं. पट्ट्यावरून खरी पिशवी जात असते आणि संगणक मधेच तिच्या चित्रात बंदुकीची किंवा बॉम्बची सावली घालतो. तुम्ही बटण दाबलं की पडदा सांगतो, शाबास, ती चाचणी होती. नाही दाबलं तर तेही सांगतो. या युक्तीमागे खरं शहाणपण आहे. हार्वर्डचे जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना गर्दीच्या चित्रांत एक वस्तू शोधायला सांगितली. निम्म्या चित्रांत वस्तू असेल तर लोकांनी ७ टक्के वेळा चुकवली. शंभरात एका चित्रात असेल तर ३० टक्के. जे क्वचित दिसतं ते डोळा शोधणं सोडून देतो. संगणकाने अधूनमधून खोटी बंदूक दाखवली तर डोळा जागा राहतो. मला ते यंत्र आवडत असे. रिकाम्या दुपारी ते सोबतीसारखं वाटे.

२००६ साली खात्याने पगारवाढ आणि वार्षिक बोनस कामगिरीला जोडला. पद्धतीचं नाव 'पास'. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाची श्रेणी ठरायची. तिच्यात संगणकावर चित्रं ओळखण्याची परीक्षा होती, झडती घेण्याची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि पर्यवेक्षकाचं मत होतं. वरची श्रेणी मिळाली की टक्केवारीने वाढ आणि एकरकमी बोनस. खालची मिळाली की नोकरीवर टांगती तलवार. कागदावर हे न्याय्य दिसतं. मीही पहिल्या वर्षी चांगली श्रेणी मिळवली आणि त्या पैशातून मुलीच्या कॉलेजची फी भरली.

पण फाट्यावर काय होऊ लागलं ते सांगते. जेवणाच्या सुट्टीत लोक परीक्षेची चित्रं घोकू लागले. प्रात्यक्षिकात हात कुठून कुठे न्यायचा, कोणतं वाक्य आधी बोलायचं, याची कवायत पाठ होऊ लागली, कारण वाक्य मागेपुढे झालं तरी गुण जात. जुनी माणसं नव्यांना शिकवायला कचरू लागली. श्रेणी एकमेकांशी तुलनेत ठरते असा सगळ्यांचा समज होता. पर्यवेक्षकाच्या मर्जीतली माणसं कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि संशय आला तर पिशवी बाजूला काढण्याचं धाडस कमी झालं, कारण रांग थांबली की पर्यवेक्षकाची श्रेणी खाली जाई.

त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूअर्कला छुप्या चाचण्या झाल्या. २२ पैकी २० वेळा खोटी हत्यारं आत गेली. बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली तेव्हा आमच्या पाळीवर कुणी कुणाशी बोललं नाही. पुढच्या महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोचा अहवाल बाहेर आला. तिथे ऑगस्ट २००३ ते मे २००४ या काळात छुपे परीक्षक येताहेत हे अधिकाऱ्यांनीच तपासनीसांना आधी कळवलं होतं. सरकारी आणि ठेकेदाराकडचे, दोन्ही बाजूंचे लोक त्यात होते. मला तो वाचून धक्का बसला नाही. माझ्या पंचवीस डॉलरच्या दिवसांत तिकीट खिडकीवरून येणारी बातमी ती हीच, फक्त आता ती वरून खाली येत होती.

पैशाने नजर सुधारत नाही, असं माझं म्हणणं नाही. कॅलटेकमध्ये २००९ साली छापलेल्या एका प्रयोगात दिसलं की क्वचित दिसणारी वस्तू पकडण्याचं मोल वाढवलं तर लोक ती कमी चुकवतात. पण प्रयोग करणाऱ्याला प्रत्येक चित्रात काय आहे ते ठाऊक असतं. विमानतळावर ते कुणालाच ठाऊक नसतं. तिथे चाचणीच्या पिशवीपुरतंच मोल ठरवता येतं, आणि माणसाला पैसे मिळणार असतील तर तो चाचणीची पिशवी ओळखायला शिकतो. त्यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. डोळ्याला पैसे ज्याचे मिळतात तेच तो पाहतो.

'पास' २०१२ साली गेलं. कामगार संघटनेशी पहिला करार झाला तेव्हा त्याच्या जागी साधी मूल्यमापनाची पद्धत आली. मला वाटलं, आता गाडी रुळावर येईल. पण दुसरी मोजपट्टी, रांगेची, ती तशीच राहिली. रांग किती लांब, प्रवासी किती मिनिटं थांबला, हे आकडे रोज वरिष्ठांकडे जात. २०१५ च्या जूनमध्ये गृहसुरक्षा विभागाच्या महानिरीक्षकांच्या चाचण्यांचा निकाल फुटला : ७० पैकी ६७ वेळा हत्यारं किंवा खोटे बॉम्ब आत गेले. खात्याच्या हंगामी प्रमुखांना हलवण्यात आलं. नव्याने आलेले पीटर नेफेन्जर यांनी संसदेपुढे जी कारणं मांडली त्यांत मुख्य हे होतं की खात्याने वेगावर अवाजवी भर दिला होता. अधिकारी संशय मिटवायच्या आधी माणूस पुढे सोडत होते. त्या उन्हाळ्यात देशभरातल्या प्रत्येक तपासनीसाला पुन्हा प्रशिक्षण दिलं. मीही बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं की रांग वाढली तरी चालेल, पिशवी उघडा.

पुढच्याच वर्षी, मे २०१६ मध्ये, संसदेच्या सुनावणीत दुसरा आकडा बाहेर आला. खात्याच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख केली हॉगन यांना तेरा महिन्यांत ९० हजार डॉलरचा बोनस मिळाला होता, दहा-दहा हजारांच्या हप्त्यांत. ७० पैकी ६७ चा निकाल त्यांच्याच विभागाचा. त्यांना त्या पदावरून दूर केलं. आमच्या न्याहारीच्या खोलीत त्या दिवशी जो संताप होता तो रकमेवर नव्हता. आमच्यापैकी प्रत्येकाचं एक-एक बटण मोजलं जात होतं आणि वरच्या मजल्यावरचं मोजमाप कुठल्या कागदावर होतं ते कुणाला माहीत नव्हतं.

आपल्याकडे हा प्रवास निराळा झाला, एवढं नोंदवते. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान कंदाहारला पळवून नेल्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागले. निविदेतून पगार उतरण्याची भानगड तिथे तपासणीच्या माणसाच्या वाट्याला आली नाही; दलाचा पगार, दलाची बढती. सोलापूरहून परत निघताना मुंबई विमानतळावर मी नेहमी दलाच्या मुलींचं काम पाहत उभी राहायची. प्रत्येक हातपिशवीच्या चिठ्ठीवर त्या शिक्का मारत; २०१७ मध्ये मुंबईत तो बंद झाला. चिठ्ठीवर शिक्का असला की निदान ही पिशवी कुणीतरी डोळ्यांनी पाहिली, एवढी खूण राहायची.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या हिवाळ्यात, २२ डिसेंबर २०१८ पासून, सरकारी खर्चाचा वाद होऊन कामकाज ३५ दिवस बंद पडलं. तपासनीस 'अत्यावश्यक' होते, म्हणून बिनपगारी कामावर. २० जानेवारी २०१९ रोजी देशभरात दहा टक्के तपासनीस गैरहजर होते. आदल्या वर्षी त्याच दिवशी ३.१ टक्के. बरेच जण पेट्रोलचे पैसे नाहीत असं कळवत होते. माझ्या जुन्या पाळीतली एक तरुण आई मला फोन करून विचारत होती, मुलाला तुमच्याकडे ठेवू का, म्हणजे पाळणाघराचे पैसे वाचतील. ठेवला.

शेवटी १ जुलै २०२३ पासून तपासनीसांना इतर सरकारी नोकरांच्या बरोबरीची वेतनश्रेणी मिळाली. अर्ध्या शतकात पहिल्यांदा. कुणाला त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागली नाही, कुणाची श्रेणी लागली नाही. सगळ्यांचा पाया वर उचलला. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण उतरलं, हे खात्याचेच आकडे सांगतात. बेल्जियमच्या दाखल्यात २००० साली जे लिहिलं होतं ते इथे यायला तेवीस वर्षं गेली.

आणि २०२५ च्या शरदात पुन्हा तेच. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस कामकाज बंद, पुन्हा बिनपगारी पाळ्या. ते संपल्यावर गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी बंदच्या काळात अनुकरणीय काम केलेल्या तपासनीसांना दहा हजार डॉलरचा बोनस जाहीर केला. ज्यांना मिळाला त्यांचा मला आनंद आहे. त्यांनी तो कष्टाने मिळवला. पण आधीच्या बंदमध्ये जिचं मूल मी ठेवलं होतं त्या मुलीने चार दिवस रजा टाकून गाडीने जेवणाचे डबे पोचवले होते, कारण घरात दूध आणायचं होतं. तिची नजर माझ्या माहितीतल्या सगळ्यात चांगल्या नजरांपैकी एक आहे आणि बोनसच्या यादीत ती नव्हती. पाचव्या दिवशी ती पट्ट्यावर परत होती. वेळेवर पगार सुरू राहिला असता तर ते चार दिवसही ती तिथेच असती.